शपथेतलं एक वाक्य

केरमेन,
उपवासकाळाचा पहिला सोमवार

पेनार्वोरचे शिलेदार, माझे थोरले बंधू रिवालोन यांस, आझेनोरकडून.

एकोणीस वर्षांत मी तुम्हांस पत्र धाडले नाही व तुमचेही आले नाही. त्याविषयी येथे काही लिहीत नाही. हे पत्र आमचे पाद्री योएन यांच्या हातचे आहे. मी सांगते आहे, ते लिहीत आहेत.

माझा मुलगा गुल्वेन तुम्ही शेवटचा पाहिलात तेव्हा तीन वर्षांचा होता. आता बावीसचा आहे. त्याचे वडील वारल्यावर केरमेनचे जहागीरदार अलान यांनी त्यास पदरी घेतले. गेली पाच वर्षे तो त्यांचा ढालाईत आहे. त्यांचा घोडा, त्यांचे चिलखत, त्यांची ढाल सर्व त्याच्या हातून जाते. या ईस्टरच्या सोमवारी बारा ढालाइतांना तलवार व घोड्याला टोचायच्या सोनेरी टाचा देऊन शिलेदार करायचे आहे. बारांत गुल्वेनचे नाव आहे. होते, असे म्हणावे लागेल.

गेल्या शरदात पोंटगारच्या नदीच्या उतारावर लढाई झाली. अलानसाहेबांच्या मांडीत भाला घुसला. गुल्वेनने त्यांना पाण्यातून ओढून काढले, पट्ट्याने मांडी आवळली व रक्त थांबले. साहेब आज चालतात. आता शिलेदार गिलर्म म्हणतात की पट्टा आवळण्याआधीच रक्त थांबले होते, आणि गुल्वेन जखमेवर वाकून काहीतरी पुटपुटत होता. तो प्रार्थना करत होता.

गिलर्म यांनी तक्रार थेट ड्यूकच्या दरबारात नेली. मंत्र जाणणाऱ्याला शिलेदार करावे की नाही हे ठरवण्यासाठी ड्यूकने सात शिलेदार नेमले आहेत. सातांत तुमचे नाव आहे हे मला कालच कळले.

मी शपथेवर सांगते की माझ्या मुलाला कसलाही मंत्र येत नाही. तुम्ही आपले मत त्याच्या बाजूने द्यावे.

पाद्रीबाबा विचारत आहेत, आणखी काही लिहायचे आहे का. नाही.

आझेनोर

केरमेन,
उपवासकाळातला तिसरा शुक्रवार

दादा,

अक्षर वाकडं आहे, चालवून घे. मठातल्या बायांनी शिकवलं तेवढंच येतं. पण हे पाद्रीबाबांकडून लिहवून घेता येणार नाही. वाचून झालं की जाळ.

तुझं उत्तर आलं. चार ओळी. मिठाच्या गाडीवाल्याने ते दिलं तेव्हा मी अंगणात मासे खारवत होते, तशाच हातांनी फोडलं. तू लिहिलंयस, "ज्याच्या तोंडात मंत्र आहे त्याच्या कमरेला तलवार शोभत नाही. शपथ घेऊन खोटं लिहू नकोस. तूच शिकवलंस ना?"

हो. मीच शिकवलं.

तू हे विचारणार हे ठाऊक होतं, कारण हे विचारू शकेल असा जगात तू एकटाच आहेस. आईकडून ते शब्द तुझ्याकडे आले, ती खाटेवर होती तेव्हा. तुझ्याकडून माझ्याकडे आले. बाईने पुरुषाला द्यायचे, पुरुषाने बाईला, आणि दिले की देणाऱ्याच्या डोक्यातून ते पुसले जातात. तू मला ते कुठे दिलेस आठवतं? गव्हाच्या कोठारात. दुसऱ्या दिवशी तुला तलवार मिळणार होती आणि शपथेत ते वाक्य होतं: "माझ्या अंगावर मुळी नाही, ताईत नाही, आणि माझ्या जिभेवर वा स्मरणात मंत्राचा शब्द नाही." तू माझ्या कानात ते बोललास, मग मला म्हणालास, "काय बोललो मी आत्ता?" आणि आपण दोघं हसत सुटलो. तुला खरंच आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू खरी शपथ घेतलीस. एक अक्षर खोटं नव्हतं. मला त्या वेळी वाटलं, किती हुशार माझा भाऊ.

गुल्वेन एकविसाचा झाला आणि पहिल्यांदा लढाईवर निघाला तेव्हा मी त्याला ते दिले. का दिले ते तुला ठाऊक आहे. ते मला इथे लिहायला लावू नकोस.

त्याला मी एवढंच सांगितलं, "तुझ्यासमोर कोणी रक्ताने मरत असेल तर इकडेतिकडे बघू नकोस. आधी बोल."

त्याने माझं ऐकलं. हाच त्याचा गुन्हा.

तुमच्यापैकी मंत्राशिवाय कोण लढतं, सांग ना दादा. गिलर्मच्या तलवारीच्या मुठीत संताचा दात बसवलेला आहे. अलानसाहेबांच्या चिलखताखाली आशीर्वाद लिहिलेली चिंधी असते, ती मीच शिवून दिलीय. निघताना घोड्यावर पवित्र पाणी शिंपडतात. हे सगळं चालतं. कारण ते पाद्र्याच्या हातून येतं, आणि आपलं आईच्या तोंडून आलं.

तू सभेला ये. सातांत तू बसलेला दिसलास तरी मला धीर येईल. मत काय द्यायचं ते तिथे त्याला बघून ठरव.

तुझी
आझेनोर

केरमेन,
उपवासकाळातला पाचवा बुधवार

दादा,

तुझं उत्तर नाही. गाडीवाला दोनदा रिकाम्या हाताने आला. कदाचित दुसरं पत्र पोचलंच नसेल, असं मी स्वतःला सांगते. पोचलं असेल तर हे तिसरं.

गुल्वेनला आता चर्चच्या बुरुजात ठेवलंय. कैद म्हणत नाहीत, "निकालापर्यंत" म्हणतात. दाराला बाहेरून अडसर आहे. बिशपकडून एक माणूस आलाय, बारीक, सतत सर्दी झालेला. तो सगळ्यांना एकच सांगतो. शपथेतलं ते वाक्य गुल्वेनने उच्चारलं आणि ते खोटं ठरलं, तर पुढचं काम शिलेदारांचं नाही, बिशपचं. म्हणजे काय ते तुला फोडून सांगायला नको. गेल्या वर्षी रोस्कोच्या बाजारात त्या दोन सुइणींचं काय झालं ते तू ऐकलंच असशील.

मला आज दुपारी अर्धा तास भेटू दिलं. मी धिरडी नेली होती, लोण्याशिवाय. तो खिडकीत बसून अलानसाहेबांचा लगाम शिवत होता. म्हटलं, "हे काम अजून तुझ्याकडेच?"

"शिलेदार होण्याला आक्षेप आहे. लगाम शिवायला कोणाचा आक्षेप नाही."

तो हसतो तेव्हा अगदी तुझ्यासारखा दिसतो. एका बाजूने.

मी त्याला सगळं सांगितलं. कोठारातलं, तुझ्या शपथेचं. आजपर्यंत सांगितलं नव्हतं. म्हटलं, "तूही तेच कर. एखाद्या बाईला देऊन टाक. धुणं घेऊन येते ती मोना आहे, भली बाई आहे, तोंड बंद ठेवील. दिलेस की तू मोकळा. शपथ खरी होईल."

"मामाने असं केलं?"

"केलं. आणि एकवीस वर्षं मानाने शिलेदार आहे."

तो जरा वेळ लगाम ओढून बघत राहिला. मग म्हणाला, "आणि पुढच्या लढाईत कोणी समोर पडला, तर मी काय करू? थांब बाबा, मोनाला बोलावून आणतो?"

"गुल्वेन, थट्टा करू नकोस. जाळतील तुला."

"थट्टा नाही करत. शिलेदार कशासाठी व्हायचं, आई? शपथेत पुढचं वाक्य आहे, दुबळ्याला वाचवीन. ते पुढचं वाक्य पाळता येऊ नये म्हणून आधीचं वाक्य ठेवलंय का?"

ह्याला उत्तर काय, दादा? तुला सुचलं असतं का?

मग तो म्हणाला, "मामा सातांत आहेत ना? मग बरं आहे. ज्याने स्वतः हे ओझं उचललंय आणि खाली ठेवलंय, त्याला माझं कळेल." त्याचा तुझ्यावर इतका विश्वास आहे. तुझा चेहरा आठवत नाही त्याला, तरी.

खाली उतरले तर अंगणात गिलर्म उभा. त्याच्याभोवती सातआठ जण. मला ऐकू जाईल असं म्हणाला, "काय बाई, मुलाला तलवार मागताय की झाडू? झाडू असेल तर आमच्या तबेल्यात हवाच आहे." सगळे हसले.

दादा, मी उलटून बोलले. "तबेल्यात तुम्ही आहात ना, मग घाण राहणारच." ते आणखी मोठ्याने हसले, ह्या खेपेला त्याच्यावर.

तो हसला नाही. त्याने बाकीच्यांना हाताने बाजूला केलं आणि माझ्याजवळ आला. हळू बोलला. मला वाटलं होतं हा माणूस नुसता मत्सराने जळतोय. तसं नाही.

"माझा धाकटा भाऊ त्याच उतारावर मेला," तो म्हणाला. "तुमच्या मुलापासून वीस पावलांवर. पोट फाटलं होतं, रक्त जायला वेळ लागला. तो हाका मारत होता. तुमच्या मुलाने धन्याचं रक्त थांबवलं. माझ्या भावाचं नाही. कोणाचं थांबवायचं हे तो ठरवणार? मी समोरच्याला मारतो तेव्हा माझी तलवार त्याला दिसते. ह्याचं हत्यार कोणाला दिसतं? आज थांबवतो, उद्या वाहतं करील. असल्या माणसाच्या शेजारी मी घोडा नाही घालणार."

मी परत वर गेले. पहारेकऱ्याला उरलेली धिरडी दिली आणि दारातूनच गुल्वेनला विचारलं, गिलर्मचा भाऊ तुला दिसला होता का.

आत लगाम खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "दिसला होता. धनी जवळ होते. ते शब्द बोलताना हात जखमेवर लागतो, आई, दोन ठिकाणी हात नाही पुरत. धन्यांचं थांबलं तेव्हा मी तिकडे धावलो. तो गेला होता." आणि मग, "मी रोज मोजतो ती वीस पावलं."

अलानसाहेबांकडे गेले. ते जेवत होते, खारा मासा आणि पाव. मला बसायला सांगितलं, स्वतःच्या हाताने सफरचंदाची दारू ओतली. म्हणाले, "मी जिवंत आहे हे खरं. पण कशाने जिवंत आहे ते मला कळायला नको होतं, आझेनोर. लोक माझ्या मांडीकडे बघतात." तेही सातांत आहेत. मत देतील त्याच्या बाजूने, असं वाटतं. बाकीच्यांतले दोन देतील, तीन देणार नाहीत. हिशेब मीच करत बसलेय. तीन आणि तीन. उरलास तू.

ये दादा. पाया पडते. ये.

केरमेन,
ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार, दुपार

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. "सभेला येणार नाही. मत मोहोर लावून पाठवतो आहे. यापुढे लिहू नकोस."

लिहिणार. तुझा दूत घोड्याला पाणी पाजतोय तोवर लिहिणार आणि त्याच्याच हाती देणार. तो सांगतो मोहोर लावलेलं मत त्याने सकाळीच सभा चालवणाऱ्या ड्यूकच्या सेनापतींकडे पोचवलं. म्हणजे आता ह्या पत्राने काही बदलणार नाही. मग लपवून तरी काय ठेवू.

तुझ्या बायकोबद्दल लिहिते, मार्झिनबद्दल.

एकोणीस वर्षं तू आणि मी त्या खोलीबद्दल बोललो नाही. लोकांना तू सांगितलंस, बहीण वेळेवर पोचली नाही. मीही तेच सांगत आले. पाद्रीबाबांना कबुलीजबाबातही तेच सांगितलं. मी वेळेवर पोचले होते. बाळ आधीच गेलं होतं, पण मार्झिन जिवंत होती. ती मला म्हणाली, "आलीस ना, आता बरं वाटेल." गादीतून रक्त खाली फरशीवर येत होतं. सुईण होती, मार्झिनची आई होती, ड्यूकचे पाद्री शेवटचं तेल लावायला आले होते, दोन मानकरी बाया होत्या. आणि दारात तू.

मी तिच्या पोटावर हात ठेवला. शब्द तोंडात आले होते. मी तुझ्याकडे पाहिलं.

तू मान हलवलीस. नाही.

किती थोडी हलवलीस. दुसऱ्या कोणाच्या ध्यानातही आलं नसेल. मला सगळं समजलं. त्या पाद्र्यापुढे मी बोलले असते तर त्यांनी विचारलं असतं, बाईकडे हे शब्द आले म्हणजे कोणा पुरुषाने दिले. बाप तर हिला आठवतही नाही, मग कोणी दिले? तुझी शिलेदारी दोन वर्षांची होती.

मी हात काढून घेतला.

दादा, मी तुला दोष देत नाही असं आजवर स्वतःला सांगत होते. देते. पण तुझ्याइतकाच मलाही देते. तू मान हलवलीस, पण तोंड माझं होतं. तिने माझा हात धरून ठेवला होता आणि ती थंड होईपर्यंत मी तिथे गप्प बसले. नंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. मला वाटायचं, माझा चेहरा बघवत नसेल ह्याला. आता वाटतं, मी तुझं ऐकलं हे तुला सहन झालं नाही. मी तुझं ऐकायला नको होतं, होय ना? तू तेच म्हणत होतास ना मनातून, की ही ऐकणार नाही, ही बोलून टाकेल?

तिला काही कोणा शत्रूने मारलं नाही. त्या एका वाक्याने मारलं. गुल्वेनसाठी नाही म्हणत मी आता. मत तर तू देऊन बसलास, आणि कोणतं दिलंस ते देव जाणे. मी मार्झिनसाठी म्हणते. ड्यूककडे जा. त्यांना सांग, ते वाक्य शपथेतून काढा. तुझ्याशिवाय हे सांगायचा हक्क कोणालाच नाही.

दूत हाका मारतोय. शाई वाळली नाही अजून.

आझेनोर

केरमेन,
ईस्टरनंतरचा मंगळवार

दादा,

काल काय झालं ते तुला दुसऱ्यांकडून उलटसुलट कळेल. माझ्याकडून सरळ ऐक.

मोठ्या दालनात तीनशे माणसं होती. बायका वरच्या सज्जात. अकरा ढालाईत पांढऱ्या कपड्यांत रांगेने उभे, गुल्वेन बारावा, जरा बाजूला, त्याच्यामागे बिशपचा माणूस नाक पुसत. म्हातारे सेनापती मोहोरा फोडत गेले. मतं वाचली, नावं वाचली नाहीत. चार विरुद्ध तीन. मंत्र जाणणाऱ्याला तलवार नाही.

माझ्या शेजारी मोना होती. तिने मला दंडाला धरून उभं ठेवलं, नाहीतर मी कठड्यावरून खाली गेले असते.

गिलर्म ओरडला नाही, की हसला नाही. खाली मान घालून उभा राहिला. सेनापती वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "पोरा, अलानचा जीव तू वाचवलास. म्हणून एक वाट ठेवतो. ऐकलंय की हे शब्द देऊन टाकता येतात आणि दिले की माणूस कोरा होतो. आत्ता, आमच्यासमोर, ते देऊन टाक. मग शपथ घे. बाकीच्यांसारखीच तलवार देऊ."

गुल्वेनने विचारलं, "कोणालाही दिले तर चालतील?"

"बाईलाच द्यावे लागतात ना? मग कोणाही बाईला दे. आमची हरकत नाही."

"हे सगळ्यांनी ऐकलं ना?" तो म्हणाला. मग वळला, मान वर करून सज्जाकडे पाहिलं आणि घोड्यांना हाक मारतो तसल्या खणखणीत आवाजात ते शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलून टाकले.

दादा, किती साधे आहेत ते! मी विसरलेच होते. दोन वेळा "थांब" आहे आणि एका नदीचं नाव आहे, बस. कोणालाही एकदा ऐकून पाठ व्हावेत. गिलर्मने कानांवर हात ठेवले, पण तोवर संपलं होतं.

"दिले," गुल्वेन म्हणाला. "आता माझ्याकडे नाहीत. मी शपथ घ्यायला तयार आहे. पण मी बारावा आहे. आधी हे अकरा घेऊ देत."

आधी कोणाला काही उमगलं नाही. पाद्र्याने शपथ सांगायला सुरुवात केली. पहिला होता गिलर्मचा थोरला मुलगा, तांगी. गोरापान, नाकावर पुटकुळ्या. तो पाठोपाठ म्हणत गेला. "माझ्या अंगावर मुळी नाही, ताईत नाही, आणि माझ्या जिभेवर वा स्मरणात..." तिथे थांबला.

पाद्री म्हणाले, "मंत्राचा शब्द नाही. म्हण."

तांगीच्या कपाळावर घाम आला. तो बापाकडे बघू लागला. मग सेनापतींना म्हणाला, "साहेब, मला ते पाठ झालेत. मी मघापासून विसरायला बघतोय. जमत नाही."

कोणीतरी हसलं. मग प्रत्येकाला कळलं की आपल्यालाही पाठ झालेत. दुसरा ढालाईत बोलला नाही. तिसऱ्याने डोळे मिटून घेतले. अकरापैकी एकानेही ते वाक्य म्हटलं नाही. खोटं म्हणायला त्यांना एक पळ पुरलं असतं, पण संतांच्या अवशेषांच्या पेटीवर हात ठेवून कोणाचं धाडस झालं नाही. पोरं चांगली आहेत रे. आपणच त्यांना नीट ओळखलं नाही.

गिलर्म मुलासमोर उभा होता. मला वाटलं, आता हा त्याला फटकावणार. तो सेनापतींकडे वळला आणि म्हणाला, "माझ्या मुलाला शपथेवर खोटं बोलायला मी लावणार नाही."

सेनापती बराच वेळ दाढी ओढत बसले. शेवटी पाद्र्याला म्हणाले, "ते वाक्य सोडून पुढे वाचा."

एवढंच झालं. ड्यूकचा शिक्का नाही, ठराव नाही. "सोडून पुढे वाचा." अकरा जण शिलेदार झाले.

गुल्वेनला तलवार मिळाली नाही. बिशपचा माणूस उठून उभा राहिला होता. म्हणत होता, हा पवित्र पेटीसमोर मंत्र ओरडला, तीनशे जणांचे कान विटाळले, ह्याला आमच्या ताब्यात द्या. मी सज्जातून ऐकत होते. अलानसाहेब लंगडत मधे आले आणि म्हणाले, ह्याला न्यायचं असेल तर आधी ही मांडी कापून न्या, विटाळ हिच्यात आहे. खूप वेळ वाद चालला. शेवटी सेनापतींनी तोड काढली. जाळायचं नाही. सात वर्षं हद्दपार. शनिवारच्या आत ड्यूकच्या हद्दीबाहेर, पायी, हत्याराशिवाय.

आज सकाळी तो निघाला. दाढी करताना हनुवटीला कापलं. आरशासमोर नुसता उभा राहिला, शब्द शोधत. नाही सापडले. मी जवळ गेले, बोट ठेवलं आणि त्याला ऐकू जाणार नाही असं ओठांतच बोलले. थांबलं. तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं की काल सज्जात मीही होते. ते पुन्हा माझ्याकडे आलेत, दादा. मला, मोनाला, तिथल्या साठसत्तर बायकांना. पहिल्यांदा मार्झिनच आठवली मला. साठसत्तर बायका, आणि आता कोण कोणाला गप्प बसवणार?

गुल्वेन हसला. "आता मी कोरा आहे, आई. आता मी जुनी शपथसुद्धा खरी घेऊ शकतो. फक्त ती आता कोणी घेत नाही."

वेशीपर्यंत तांगी आला होता, नवीन टाचा वाजवत. गुल्वेनच्या बाजूने थोडा चालला. शेवटी आपली पाण्याची पिशवी दिली आणि पळाला. मी मैलाच्या दगडापर्यंत गेले. पुढे त्याने येऊ दिलं नाही. सात वर्षांनी मी असेन की नाही, हे आम्ही दोघंही बोललो नाही.

मतं कोणाची कशी ते काल संध्याकाळी अलानसाहेबांनी मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं. विरुद्धचं चौथं तुझं होतं.

गुल्वेनला हे ठाऊक नाही. तो समजतो तिघांत तू होतास. खरं काय ते माझ्या तोंडून निघालं नाही. त्याचं जहाज पेनार्वोरच्या धक्क्यावरून सुटतं, आणि चालत गेला तरी गुरुवारी दुपारी तो तिथे पोचेल. तुझ्या दारावर थाप मारणार आहे. निघताना मला म्हणाला, मामांचे आभार मानल्याशिवाय मी समुद्रावर पाऊल ठेवणार नाही.

हे पत्र घोड्यावरून येतंय, तेव्हा त्याच्या आधी तुझ्या हातात पडेल. त्याला काय सांगायचं ते तू बघ.

आझेनोर